पारियाची वाळू, पॉवेलचं पाणी: ग्लेन कॅन्यन धरणाचं प्रकरण

पारिया ही तशी ओढ्याच्या लायकीची नदी. एरवी घोटाभर पाणी. पण जुलै ते सप्टेंबर या काळात अमेरिकेतल्या युटा आणि ॲरिझोना राज्यांच्या सीमेवर वळवासारखा धुवाँधार पाऊस होतो (तिकडेही त्याला मॉन्सूनच म्हणतात), आणि मग ती लाल चिखलाचा लोंढा घेऊन लीज फेरीपाशी कोलोरॅडो नदीत येऊन पडते. २०२१च्या पावसाळ्यात तिने भरपूर वाळू आणली. अशी वाळू आली की शरदात वरच्या धरणातून मुद्दाम मोठा पूर सोडायचा, असा नियम तिथे २०१२पासून लागू होता. त्या वर्षी पूर सोडला नाही. लेक पॉवेल हा धरणामागचा जलाशय झपाट्याने खाली चालला होता आणि पातळीला आणखी धक्का लावायची कोणाची तयारी नव्हती.

वाळू काही थांबून राहत नाही. रोजच्या विसर्गाबरोबर ती पुढच्या काही महिन्यांत तळातून सरकत निघून जाते. वाळू कधी येते, किती येते, किती दिवस टिकते हे सगळं तोवर दर पंधरा मिनिटांच्या मोजणीने माहीत झालेलं होतं. माहिती होती, नियम होता, नियमाने सांगितलेली वेळही आली होती. तरी दरवाजा उघडला नाही. माझ्या मते या प्रकरणात शिकण्यासारखं जे आहे ते इथे आहे. पण त्यासाठी मागे जावं लागेल.

ग्लेन कॅन्यन धरण ॲरिझोनात, युटाच्या सीमेजवळ. उंची २१६ मीटर, म्हणजे कोयनेच्या दुपटीहून जास्त. १३ मार्च १९६३ रोजी पाणी अडवायला सुरुवात झाली आणि लेक पॉवेल पहिल्यांदा काठोकाठ भरायला १९८० उजाडलं. साठवण हजार टीएमसीच्या वर. कोयना दहा वेळा भरून ओतावी तेवढं पाणी. धरणाखाली २५ किलोमीटरवर लीज फेरी आणि तिथून पुढे जवळजवळ साडेचारशे किलोमीटर ग्रँड कॅन्यन.

धरणाआधीची नदी बर्फ वितळलं की मे-जूनमध्ये चढायची. पुराचा माथा साधारण ८५ हजार क्युसेक. १९२१ साली तर तो १ लाख ७० हजारांच्या आसपास गेला. क्युसेक म्हणजे आपण पावसाळ्यात रोज बातम्यांत ऐकतो तोच, सेकंदाला एक घनफूट. हिवाळ्यात पाणी गोठायला टेकलेलं, उन्हाळ्यात जवळपास ३० अंश. आणि गढूळ, इतकं की नदीचं नावच त्या लालसर रंगावरून पडलं. धरणानंतर खाली येऊ लागलं ते जलाशयाच्या पोटातलं, बाराही महिने ८ ते १० अंशांचं, नितळ हिरवट पाणी. वरची वाळू सगळी धरणामागे अडकली. लीज फेरीच्या खालच्या मार्बल कॅन्यनला उरली ती मुख्यतः पारियाची वाळू, पूर्वीच्या मानाने जेमतेम ६ टक्के.

त्यात वीज. आठ जनित्रं, १,३२० मेगावॉट. दुपारी वाळवंटातल्या शहरांत वातानुकूलन यंत्रं सुरू झाली की विसर्ग वाढवायचा, रात्री मागणी पडली की आवळायचा. १९९१पर्यंत हा खेळ १ हजार ते साडेएकतीस हजार क्युसेकच्या दरम्यान चाले, कधी कधी एकाच दिवसात, आणि दरीत पाणी बारा-तेरा फूट वरखाली होई. रात्री काठाला बांधलेला तराफा सकाळी खडकांवर कोरडा पडलेला सापडे.

काठच्या वाळूला आपल्याकडे नेमका शब्द आहे: वाळवंट. पंढरपुरात चंद्रभागेचं वाळवंट म्हणतात त्या अर्थाने. ग्रँड कॅन्यनमधली ही वाळवंटं म्हणजे तराफ्यांवरून जाणाऱ्यांचे मुक्काम, माशांच्या पिलांसाठी मागे साचणारी उथळ कोमट डबकी, आणि वाऱ्याने वर उडून जुन्या वस्त्यांच्या अवशेषांवर पांघरूण घालणारी वाळू. धरणानंतर ती वर्षागणिक झिजत गेली. नदीचे स्वतःचे आठ जातींचे मासे होते, त्यांपैकी काही या दरीतून नाहीसेच झाले. हम्पबॅक चब नावाचा कुबड असलेला मासा तगला, पण कसाबसा. थंड पाण्यात त्याची वीण होत नाही म्हणून तो अंडी घालायला लिटल कोलोरॅडो या कोमट उपनदीत जातो. त्याच थंड पाण्यात धरणानंतर रेनबो ट्राउट सोडले गेले आणि ते मात्र मजेत फोफावले. लीज फेरी गळ टाकणाऱ्यांचं नामांकित ठिकाण झालं. म्हणजे नुकसानीबरोबर एक नवा वाटेकरीही उभा राहिला. धरणांच्या गोष्टीत हे नेहमीच होतं.

ऑक्टोबर १९९२मध्ये ग्रँड कॅन्यन संरक्षण कायदा झाला. धरण कसं चालवावं यावरचा पर्यावरणीय अहवाल १९९५चा, त्यावरचा निर्णय १९९६चा, आणि १९९७मध्ये अंतर्गत खात्याच्या (तिकडे जमीन आणि पाणी या खात्याकडे) मंत्र्याला सल्ला देणारा पंचवीसेक जणांचा कार्यगट बसला. त्यात केंद्राच्या संस्था, कोलोरॅडो खोऱ्यातली सात राज्यं, नावाहो, होपी, हुआलापाई, झुनी आणि दक्षिण पाययूट हे आदिवासी समाज, वीज घेणारे, पर्यावरणवाले, तराफेवाले, गळवाले. मोजमापासाठी फ्लॅगस्टाफला वेगळं संशोधन केंद्र. कामाची रीत अशी: नदीबद्दल अंदाज बांधा, धरण त्या अंदाजाप्रमाणे चालवा, खाली काय झालं ते मोजा, अंदाज चुकला तर धरण चालवण्याची पद्धत बदला. कागदावर याला अनुकूली व्यवस्थापन म्हणतात. शेतकऱ्याला हे नवीन नाही, तो दर हंगामात हेच करतो. फरक एवढाच की त्याला पंचवीस जणांची सही लागत नाही.

रोजच्या विसर्गाला लगाम बसला: कमाल २५ हजार क्युसेक, दिवसा किमान ८ हजार, रात्री ५ हजार, चोवीस तासांतला चढउतार महिन्यागणिक ५ ते ८ हजारांच्या आत. पण एक गोष्ट या टेबलावर कधीच आली नाही. वर्षभरात एकूण किती पाणी सोडायचं ते १९२२चा पाणीवाटप करार आणि त्यावर चढत गेलेले नियम ठरवतात. कार्यगटाच्या हातात काय, तर ठरलेलं पाणी कोणत्या महिन्यात, कोणत्या दिवशी, कोणत्या तासाला सोडायचं एवढंच. ताटातला भात किती ते घरमालक ठरवणार, घास केव्हा घ्यायचा ते तुम्ही ठरवा.

पहिला पूर

२६ मार्च १९९६. अंतर्गत खात्याचे मंत्री ब्रूस बॅबिट यांच्या हस्ते धरणाच्या पायाजवळचे बाह्यनळ उघडले आणि पाण्याचे फवारे दरीत झेपावले. चार नळांतून १५ हजार, जनित्रांतून सुमारे ३० हजार, मिळून ४५ हजार क्युसेक. सात दिवस. नदीसाठी म्हणून जाणूनबुजून सोडलेला एवढा मोठा पूर तेव्हा नवलाचा होता.

४५ हजारांवर का थांबले? कारण त्याहून जास्त सोडायचं तर सांडवे हवेत, आणि सांडव्यांचा उंबरठा समुद्रसपाटीपासून ३,६४८ फुटांवर आहे. जलाशय त्याच्या वर असेल तरच ते चालतात. शिवाय १९८३च्या महापुरात याच सांडव्यांच्या बोगद्यांत पाण्याच्या वेगाने पोकळ बुडबुडे तयार होऊन काँक्रीटचे लचके तुटले होते. तेव्हा दरवाजांवर प्लायवूडच्या फळ्या उभ्या करून पाणी थोपवावं लागलं होतं. सांडव्यांचं नाव काढलं की तिथल्या अभियंत्यांना अजून घाम फुटत असणार. म्हणजे जुन्या नदीच्या सरासरी पुराच्या निम्माच पूर हे धरण हौसेने देऊ शकतं. हे आकडे पुढेही लागतील.

पूर ओसरला तेव्हा काठांवर ताजी, उंच वाळवंटं दिसली. फोटो छान आले. अंदाज असा होता की उपनद्यांची वाळू वर्षानुवर्षं नदीच्या तळाशी साचत राहते. मोठं पाणी आलं की ती उचलली जाऊन काठावर बसते. मोजणी सुरू झाल्यावर हा अंदाज पडला. तळाशी साठा फारसा नव्हताच. काठावर चढलेली वाळू बऱ्याच अंशी त्याच वाळवंटांच्या पाण्याखालच्या भागातून खरवडून वर आली होती. घराचा पाया उकरून त्याच मातीने भिंत उंच करावी तसं. शिवाय काम पहिल्या दोन-तीन दिवसांतच आटोपलं होतं. उरलेले दिवस नदी फक्त वाळू पुढे वाहून नेत होती.

१९९५च्या अहवालाचा मूळ आधारच चुकलेला निघाला, आणि हे त्याच कार्यक्रमाच्या पैशावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी उघडपणे लिहिलं. सरकारी कामात हे किती वेळा घडतं ते वाचकांनी आपापल्या अनुभवाने ठरवावं. पुढचा पूर म्हणून वेगळा झाला: नोव्हेंबर २००४, पारियाची वाळू आल्यानंतर लगेच, ४१ हजार क्युसेक, फक्त ६० तास. वरच्या मार्बल कॅन्यनमध्ये, जिथे ताजी वाळू होती, तिथे वाळवंटं १९९६पेक्षा चांगली उभी राहिली. मार्च २००८ला तसाच आणखी एक.

आठ वर्षांनी दुसरा, बारा वर्षांनी तिसरा. शिकण्याचा हा वेग खुद्द शिकणाऱ्यांनाही जाचत होता. २०१२मध्ये एकदाचा तो ‘हिशेब’ ठरला: १ जुलैपासून आलेली वाळू जमेला, वाहून गेलेली खर्चाला, आणि शिल्लक पुरेशी असेल तर नोव्हेंबरमध्ये पूर. दर वेळी नवा वाद नाही. २०१२, १३, १४, १६ आणि १८ असे पाच पूर या हिशेबाने सुटले आणि पाहणीतल्या निम्म्याहून जास्त वाळवंटांना त्याचा फायदा दिसला. पूर गेला की ती पुन्हा झिजू लागतात, पण खात्यात भर पडते आहे हे दिसत होतं. प्रत्येक पुराला बाह्यनळांतून गेलेलं पाणी वीज न करता जातं, आणि तो तोटा वीज घेणाऱ्यांच्या वहीत पडतो. त्यांची कुरकुर खोटी नाही.

मासे मारण्याचा प्रयोग

चबची संख्या उतरत होती. १९८९मध्ये लिटल कोलोरॅडोच्या संगमाजवळ १० हजारांहून जास्त प्रौढ मासे असावेत, २००१च्या सुमारास ते निम्म्यावर आले. संशय ट्राउटवर: ते चबची पिलं खातात आणि त्यांचं अन्नही. म्हणून २००३ ते २००६ संगमाच्या पट्ट्यात रात्री बोटी फिरवून, पाण्यात वीज सोडून मासे गुंगवायचे, देशी मासे परत सोडायचे आणि परके काढून मारायचे, असा उद्योग झाला. २० हजारांहून अधिक परके मासे काढले, बहुतेक ट्राउट. त्यांचं खत झालं, हुआलापाईंच्या बागांसाठी.

चब वाढले! प्रयोग यशस्वी म्हणायचा?

इथे ज्याने आखणी केली त्याचं कौतुक करायला हवं, कारण वरच्या अंगाला एक पट्टा मुद्दाम हात न लावता ठेवलेला होता, तुलनेसाठी. त्या पट्ट्यातही ट्राउट घटले होते. आणि नेमक्या त्याच वर्षांत दुष्काळाने लेक पॉवेल खाली गेल्यामुळे जनित्रांत वरचं कोमट पाणी येऊ लागलं होतं, जे चबला मानवतं. तेव्हा चब वाचवले कोणी, बोटींनी की दुष्काळाने? तो तुलनेचा पट्टा नसता तर श्रेय बोटींना गेलं असतं आणि पुढची पंधरा वर्षं त्या फिरत राहिल्या असत्या.

त्याआधीच झुनींनी वेगळा प्रश्न विचारला होता. त्यांचे पूर्वज या दरीतून जगात वर आले अशी त्यांची श्रद्धा. जलचर त्यांच्या लेखी नातलग. संगमासारख्या जागी हजारो जीव मारायचे, तेही कदाचित गरज नसताना, हे त्यांना मान्य नव्हतं. २०१०मध्ये त्यांच्या परिषदेने तसा ठराव केला. बैठकीतल्या कोणत्याही आलेखात हा मुद्दा बसत नव्हता. पण मासे मारण्याऐवजी जिवंत हलवण्याकडे धोरण वळलं आणि काढायचे तर कधी, याचे उंबरठे ठरले. झुनींची हरकत आणि तुलनेचा पट्टा यांनी एकाच दिशेला बोट दाखवलं हा योगायोग असेल, पण दोघांनाही टेबलावर जागा होती हा योगायोग नव्हता.

दरम्यान २००८च्या वसंतातल्या पुराने एक गंमत केली होती. वाळूसाठी सोडलेल्या पाण्याने लीज फेरीचा तळ धुऊन काढला आणि ट्राउटची पिलं भरमसाट जगली. एक दुरुस्ती, एक उपद्रव. म्हणून पुढचे पूर शरदात ढकलले. तर २०१४पासून ब्राउन ट्राउट या दुसऱ्या जातीचे ट्राउट वाढू लागले आणि शरदातल्या पुरांवर संशय आला. शेवटी पकडलेल्या ब्राउन ट्राउटमागे गळवाल्यांना २५ डॉलर द्यायची योजना निघाली.

चिलटांचा शनिवार-रविवार

मला या सगळ्यात सर्वात आवडलेला भाग लहान आहे, अक्षरशः. नदीत माशांना खायला किडे कमी का, हे कोणाला कळत नव्हतं. पाण्यात वाढून हवेत उडणारे मेफ्लाय, कॅडिसफ्लायसारखे किडे इथे जवळपास नाहीतच, आहेत ती मिज नावाची चिलटं. साडेचारशे किलोमीटरच्या दरीत रोज नमुने घ्यायला शास्त्रज्ञ पाठवणं परवडणारं नव्हतं. म्हणून तराफे चालवणाऱ्या मार्गदर्शकांना साहित्य दिलं: एक डबा, त्यात थोडं अल्कोहोल, वर एक लहान दिवा. मुक्कामाला पोचलं, अंधार पडला की पाण्याच्या कडेला डबा ठेवायचा, दिवा लावायचा, तासाभराने झाकण लावून वर तारीख आणि जागा लिहायची. बस्स. स्वयंपाक होईपर्यंत काम झालेलं असे.

असे हजारो डबे जमल्यावर एक नक्षी उमटली. धरणातून रोज निघणारी विजेच्या मागणीची लाट दरीतून खाली जायला वेळ घेते. त्यामुळे एका ठिकाणी ओहोटी दुपारी येते, दुसऱ्या ठिकाणी तिन्हीसांजेला, तिसऱ्या ठिकाणी मध्यरात्री. जिथे तिन्हीसांजेला पाणी उतरलेलं असतं तिथे चिलटं जास्त. कारण ती संध्याकाळी अंडी घालतात, आणि बरीचशी पाण्याच्या कडेला. पाणी उतरलेलं असताना घातलेली अंडी नंतर पाण्याखालीच राहतात. चढलेलं असताना काठाच्या दगडाला चिकटवलेली अंडी काही तासांत उघडी पडून वाळतात.

उपाय निघाला तो स्वस्त होता. मे ते ऑगस्ट, शनिवार-रविवारी विसर्ग कमी आणि सपाट ठेवायचा. आठवड्यातले दोन दिवस तरी अंडी ओली राहतील. शनिवार-रविवारच का? तेव्हा विजेची मागणी कमी असते, तोटा कमी. २०१८, १९, २० आणि २०२२ला हे केलं गेलं. चिलटांना वार कळत नाही, पण वीज मंडळींना कळतो. कार्यगटात इतका कमी वाद झालेला दुसरा प्रयोग मला सापडत नाही.

पुन्हा २०२१ आणि त्यानंतर

डिसेंबर २०१६मध्ये पुढच्या वीस वर्षांचा आराखडा मंजूर झाला होता. पूर, चिलटं, ट्राउट, सगळ्यांची सोय त्यात होती. नव्हती ती रिकाम्या जलाशयाची. २०२१चा पूर टळला. जुलै २०२२मध्ये धरणाखालच्या एका साचलेल्या डबक्यात स्मॉलमाउथ बासची पिलं सापडली. हा मासा लेक पॉवेलच्या वरच्या कोमट पाण्यात राहतो. पाणी उतरलं तसा तो जनित्रांच्या तोंडाशी आला आणि यंत्रातून जिवंत खाली गेला. खालचं पाणीही आता त्याच्या विणीइतकं कोमट होतं. ज्या कोमट पाण्याने चबला हात दिला (२०२१मध्येच त्याला ‘संकटग्रस्त’मधून एक पायरी खाली, ‘धोक्यात’ या यादीत आणलं होतं), त्याच पाण्याने चबला फस्त करू शकणारा शत्रू दारात आणला.

२०२३च्या वसंतात बर्फ भरपूर पडलेलं होतं. एप्रिलअखेर ३९,५०० क्युसेकचा ७२ तासांचा पूर सोडला, २०१८नंतरचा पहिला. वाळवंटं उभी राहिली. नंतर बाह्यनळ तपासले तर आतल्या अस्तराची नासधूस झालेली: जलाशय खाली असताना नळ चालवल्याने तेच बुडबुडे, जे १९८३ला सांडव्यात होते. नदीला बरं करायचं हत्यारच जखमी.

आणि नेमकं तेच हत्यार बाससाठी हवं होतं. हे नळ जनित्रांच्या तोंडापेक्षा जवळपास शंभर फूट खालचं, थंड पाणी ओढतात. जुलै २०२४पासून काही महिने त्यांतून थंड पाणी मिसळून नदी लिटल कोलोरॅडोच्या संगमापर्यंत साडेपंधरा अंशांच्या आसपास ठेवली गेली, म्हणजे बासची वीण होऊ नये. वीज न करता सोडलेल्या त्या पाण्याची किंमत सुमारे २ कोटी डॉलर. वीज संस्थांनी हरकत घेतली, नळांची चिंता अभियंत्यांनी सांगितली, तरी पाणी सोडलं. बासचा पसार त्या हंगामात रोखला गेला. नळांना नवं अस्तर लावायचं कामही हाती घेतलं गेलं.

शरद २०२१ला पूर न सोडणाऱ्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. साठा खरोखर कमी होता, आणि पुरासाठी सोडलेलं पाणी वर्षाच्या कोट्यातलंच असलं तरी त्या क्षणी पातळी उतरतेच. पण चिलटांच्या डब्यापासून पारियाच्या वाळूपर्यंत पंचवीस वर्षं जे मोजलं, ते सगळं ‘कधी सोडायचं’ या प्रश्नाचं उत्तर होतं. किती साठवायचं, जलाशय कुठवर खाली जाऊ द्यायचा, हे दुसऱ्या खोलीत ठरत राहिलं, आणि त्या खोलीत वाळूचा हिशेब कोणी मागितला नाही. पॉवेल आणि ग्रँड कॅन्यनच्या खालचा मीड या दोन जलाशयांचे २००७चे वाटपनियम २०२६ला संपतात. नवे कसे असावेत यावर सात राज्यांची घासाघीस चालली आहे ती एकर-फुटांत, म्हणजे निव्वळ पाण्याच्या मापात. जलाशयाची पातळी एका ठरावीक उंचीच्या खाली जाऊ द्यायची नाही अशी एक ओळ त्यात आली, तर बास वरच अडकेल, नळ वाचतील, आणि पारियाने पुढच्या वेळी वाळू आणली तर दरवाजा उघडायला कारण शोधावं लागणार नाही.